म्हशी कुठे नेल्या होत्या?

जागा दाखवायला नेले, तरी तो एजंट जागेकडे आधी पाहतच नसे. स्कूटर लावायची, पॅन्टच्या मोहऱ्या दुमडायच्या आणि जवळचा म्हशींचा गोठा शोधायचा. तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न, "पुरात म्हशी कुठं न्हेलत्या?" म्हशी जिथे नेल्या, त्याच्या खालची जागा तो कुणाला विकत नसे.

कोल्हापुरात जागांचे भाव चढत असताना असा एजंट वेडाच ठरणार. तुम्हीही त्याला हसला असाल. मीही हसलो.

आमच्या कॉलनीत आता सांगतात, की त्याने सरांच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पुराच्या पट्ट्यातले घर मारले आणि तोंड लपवले. साफ खोटे! ही जागा पाहिली त्या दिवशी सांगणाऱ्यांपैकी एकही तिथे नव्हता. मी होतो.

गोठ्यातल्या म्हातारीने काठीने लांबचा चढ दाखवला. "थितं वर न्हेल्या. हितं ऱ्हायल्या त्यांची निस्ती शिंगं दिसत व्हती, बाबा."

त्याचा चेहरा उतरला. "सर, चला हितनं."

"नवा रस्ता होतो आहे. किंमत दुप्पट होईल," मी म्हणालो. तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाने म्हातारीच्या काठीवरून घर ठरवायचे?

"व्हईल की दुप्पट. पर नदीला कुठं ठावं हाय भाव?"

"तुम्ही घाबरट आहात."

"व्हय, हाय. म्हणून तर अजून कुणाला बघून गल्ली बदलावी लागली न्हाय."

मी थेट बिल्डरकडे गेलो आणि निवृत्तीची सारी पुंजी त्या घरात घातली. त्याला दलाली मिळाली नाही. तरी वास्तुशांतीला तो नारळ घेऊन आला आणि उभ्यानेच जेवला. बसा म्हटले, तर म्हणाला, "बसतो की, पर पाय न्हाय म्हणत्यात."

पुढे पूर आला. कॉलनी जागी होण्याआधी तो दारात उभा होता. "वैनीस्नी घेऊन चला, सर. सामान ऱ्हाऊ द्या." पाणी ओसरल्यावर त्यानेच पाण्याच्या डागावर स्कूटरच्या किल्लीने रेघ ओढली. "ही पुसू नगासा."

मी महिन्याभरात रंग दिला. दोन हात.

तो आला, भिंतीवरून तळवा फिरवला. "रंग झ्याक झालाय, सर," म्हणाला, चहा प्यायला आणि पुन्हा कधी आला नाही. तोंड लपवण्याजोगे त्याने काही केले नव्हते. त्या दिवशी मान मी खाली घातली होती.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. आता धरणाचे दरवाजे उघडल्याचे कळले, की मी रात्री उठून उठून दारातल्या पायरीवर बॅटरी मारतो. ही भीती मला कुणाजवळ बोलता येत नाही. घाबरट म्हणून मी ज्याला हिणवले, त्याच्याजवळ बोललो असतो.

म्हणून घर विकायला काढले आहे. उद्या एक जोडपे तान्ह्या मुलाला घेऊन पाहायला येणार आहे. "पुराचं काय, काका?" त्यांनी फोनवर विचारले. "या, भिंती बघा. एक डाग नाही," मी म्हणालो आणि माझाच आवाज मला परका वाटला.

उद्या त्यांना आधी गोठ्याकडे नेईन. म्हातारी अजून आहे. घर बहुधा माझ्याकडेच राहील. आज दुपारी घराची किल्ली घेऊन मी भिंतीचा रंग खरवडला. रेघ सापडली. तिला पाठ लावून उभा राहिलो, तर ती हनुवटीच्या उंचीला आली.