जावयाच्या झाडाची विरळणी

झाडाला माणसाचे नाव दिले की ते झाड उरत नाही, घरातले माणूस होते. हे वाक्य निनाव्यांच्या फाटकावर संगमरवरी पाटीत कोरलेले होते. मी ते वाचत आत शिरत होते तेवढ्यात आतून निनाव्यांचा आवाज आला, "मॅडम, वाका! फांदी आहे!"

निनावे रेल्वेतून निवृत्त झालेले. छत्तीसगडच्या नव्या राजधानीची, नवा रायपूरची, आखणी सुरू होती तेव्हा त्यांनी त्या बाजूला अर्धा एकर जमीन घेतली, घर बांधले आणि भोवती साग लावला. मी वनखात्यात रेंजर होते. निवृत्तीनंतर लोक बोलावतात तिथे जाऊन झाडे पाहते आणि खरे ते सांगते. त्यामुळे दुसऱ्यांदा बोलावणारे कमी.

प्रसंग असा होता. मे महिन्यातल्या वादळात एक साग मोडून निनाव्यांच्या आईच्या खोलीवर पडला. पत्रा फाटला. आई त्या वेळी स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या म्हणून वाचल्या. जुन्या रायपुरातल्या बूढापाऱ्यातून निनाव्यांची बहीण शांताताई धावत आल्या आणि त्यांनी जाहीर केले की एक तर पावसाआधी झाडे जातील, नाही तर आई त्यांच्याकडे जाईल. आई म्हणाल्या, मी कुठंच जात नाही.

मग निनाव्यांनी जाणकार शोधायला सुरुवात केली. लाकडाचा ठेकेदार म्हणाला, "सब बीमार हैं, भैया. साफ कर दो." वास्तूवाल्याने फक्त ईशान्येची झाडे बीमार ठरवली. एका रोपवाटिकेत ते झाडे फार झाली हे सांगायला गेले, तर तिथे त्यांना आधी एक रोप भेट मिळाले. ते त्यांनी घरी आणून लावलेही.

"कुठे लावलं?" मी विचारले.

"हे काय, मधी जागा होती."

हाच सगळा रोग होता. निनाव्यांनी सुरुवातीला तीन-तीन मीटरवर दीडशे झाडे लावली. प्रत्येकावर टिनाची पाटी आणि एकेका नातेवाइकाचे नाव. नातेवाईक संपल्यावर ऑफिसचे लोक घेतले. इथवर ठीक होते. पण पुढे घरात लग्न झाले की एक रोप, बारसे झाले की एक रोप, आणि ते मधल्या मोकळ्या जागेत. सागाला ऊन लागते, दाटी त्याला सोसत नाही. आधीच्या झाडांनी ऊन अडवले. मागून आलेली झाडे उन्हाच्या शोधात उंच होत गेली, जाड झालीच नाहीत. सुना, जावई आणि नातवंडे सगळी सावलीत वाढली होती. वादळात मोडला तो असाच एक बारीक साग. पाटीवर नाव कोण्या साडूचे होते.

"यावर उपाय विरळणी," मी सांगितले. भाताची रोपे दाट झाली की आपण उपटून विरळ करतो, तसेच. बारीक, वाकडी, दबलेली झाडे काढायची. सरळ, जाड झाडांना जागा द्यायची.

"ठेकेदार तर जाड नेतो म्हणत होता."

"तो नेणारच. बारीक नेऊन तो काय करील?"

निनाव्यांनी जवळच्या पाटीवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "पण मॅडम, नावं आहेत न."

मी टेप काढला. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असतो, म्हणजे सगळ्यांची मापे एका हिशोबाने येतात. ओळ, नंबर, पाटीवरचे नाव आणि घेर, असे दिवसभर वहीत उतरवले. कोणते झाड जाणार ते त्या दिवशी सांगितले नाही, पण बारीक झाडे जाणार हे घरात सगळ्यांना कळले होते. परवानगीचा अर्ज लिहून दिला आणि आठ दिवसांनी तोडायच्या झाडांवर खुणा करायला येते म्हणाले.

आठ दिवसांनी गेरूचा डबा घेऊन गेले. आधी चौथ्या ओळीतले सातवे झाड घ्यायचे होते. वहीत लिहिले होते, जावई सुधाकरराव, घेर एकतीस सेंटिमीटर. सुधाकररावांची पाटी पाहून टेप लावला, तर घेर भरला अठ्ठावन्न. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढा वाढणारा साग पाहिला नव्हता. पाटीचा खिळा नवा कोरा होता. ओळ मोजली तर हे झाड आठवे निघाले; शेजारच्या सातव्या, बारीक झाडावर आता कोण्या स्टेशन मास्तरांचे नाव होते.

शांताताई जवळच उभ्या होत्या.

"ताई, पाटी कुणी हलवली?"

"मले काय माहीत?" मग लगेच, "अन् हलवली असंल तर काहून हलवू नये? पहिला गेरू माह्या जावयाले? पाहुण्याचं झाड आधी तोडता तुम्ही?"

"मी माणूस नाही तोडत, ताई."

"मग फाटकावर काय लिहिलं दादानं?"

मी निनाव्यांकडे पाहिले तेव्हा लक्षात आले की तेही पाट्यांकडे बघायचे टाळत आहेत. वही उलगडली. पहिल्या ओळीतले तिसरे झाड, नाव आईचे, शेरा: वाळलेले. आता आईची पाटी पाचव्या झाडावर होती, चांगल्या जाड, हिरव्या सागावर.

निनावे मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईले सांगू नका, मॅडम. तिचं झाड वाळलं हे कळलं तर ती हाय खाईल. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे."

तेवढ्यात आई स्वतःच काठी टेकत आल्या. पाचव्या झाडापाशी थांबल्या. पाटी वाचली, खोडावर हात फिरवला.

"हे माहं नाही."

"आई, नाव आहे न तुझं!"

"नाव असंल. माह्या झाडाले कमरेशी दोन फाटे होते, मी टॉवेल टांगत होती." त्या सरळ तिसऱ्या झाडापाशी गेल्या. नखाने साल खरवडली. आत कोरडे लाकूड होते. "हे पाय. हे माहं. हे तर दोन वर्सापासून वाळून राहिलं."

"तुले माहीत होतं?" निनावे.

"रोज पाणी मी टाकत होती का तू?"

आई माझ्याकडे वळल्या. "बाई, हे मेलं न?"

"हो, आजी. मेलं."

"अन् मी?"

मी काही म्हणायच्या आत त्या स्वतःच हसल्या. "मी तर उभी आहे. मग लाव तो लाल रंग. माह्यापासूनच सुरू कर. मंग जावयाले काय वाईट वाटन?"

मी पहिला गेरू आईंच्या झाडाला लावला. त्यानंतर शांताताईंनीच सुधाकररावांची पाटी काढून मूळ झाडावर नेली आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत सत्तर झाडांवर खुणा झाल्या. आईंच्या खोलीजवळचे एकही बारीक झाड ठेवले नाही.

ठेकेदार आला, खुणा पाहिल्या, "इसमें तो माल ही नहीं है" म्हणाला आणि गेला. परवानगी आल्यावर गावातल्याच चार माणसांनी दोरी बांधून, घरापासून उलट दिशेला झाडे पाडली. पत्रा नवा बसला. पाऊस आला, वादळेही आली. आई आपल्या खोलीतच आहेत.

या कामातून मी एवढेच शिकले की झाडे मोजण्याआधी घरातली माणसे मोजावीत, आणि माप पेन्सिलीने नाही, पेनाने लिहावे; पाट्या हलल्या तरी ते हलत नाही.

सत्तर बल्ल्या, म्हणजे बारीक वासे, निघाल्या. इमारतीला एकही उपयोगी नव्हती. निनाव्यांनी त्यांचा मागच्या अंगणात भाजीच्या वेलांसाठी मांडव घातला. सुधाकररावांवर यंदा दोडके लागले आहेत.