‘दोरजा खुलबो, दीदी?’

मंडळी, मोडक्यातोडक्या बांगलाचा असा फटका तुमच्यापैकी कुणाला बसलाय का? सियालदहच्या फलाटावर बसून लिहितेय.

आमची गाडी सोळा वर्षांची, माझ्या बदलीबरोबर नागपूरहून इथे आलेली. अख्खी भंगारात द्यायची, की सुटे भाग करून विकायची, यावर महिनाभर घरात वाद चाललाय. माझा नवरा संजय गावाला जाताना बजावून गेला होता, "मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

आज सकाळी बालीगंजच्या एका गॅरेजमध्ये गेले. फक्त विचारायला, शपथ! मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "दोरजा खुलबो, दीदी?"

मला वाटलं, दार उघडून आत बघायचं असेल. ऐटीत बांगलात म्हटलं, "हां हां, खुलून!" म्हणजे ‘उघडा की’, आणि बँकेचा फोन आला म्हणून बाहेर गेले.

अर्ध्या तासाने परतले, तर पुढची दोन्ही दारं जमिनीवर! बांगलात उघडायला आणि खोलून काढायला शब्द एकच.

"परत बसवा!" मी ओरडलेच. मिस्त्रींनी बिजागरीला नुसतं बोट लावलं, तर गंजाचा चुरा पडला. हिंदीत शांतपणे म्हणाले, "आता बसणार नाहीत. आणि विकतही कुणी घेणार नाही. बाकीचे भागही असेच निघतील."

म्हणजे महिनाभराच्या वादाचा निकाल लागला. सुटे भाग करण्यात काही अर्थ नाही. फक्त हे कळलं ते सुटे झाल्यावर.

संजयची ट्रेन पाच मिनिटांत येतेय. आत्ताच त्याचा मेसेज आला, "गाडी कुठे लावलीस?"

काय उत्तर देऊ?