सेडीचा रानातला किल्ट

केप ब्रेटन बेटावरच्या ब्लॅक ब्रूकच्या खोऱ्यात बीटन आडनावाचे लोक इतके झालेत की चर्चमध्ये कुणी नुसतं ‘बीटन’ म्हणून हाक मारली तर निम्मी बाकं उठून उभी राहतील. म्हणून इथे माणसाला ओळखतात ते बापाच्या नि आजाच्या नावाने, किंवा मग त्याने केलेल्या एखाद्या मूर्खपणाने. एका भल्या माणसाचं डुक्कर कधी काळी धर्मगुरूंच्या मोटारीत चढून बसलं होतं. त्याचे पणतू आजही ‘डुक्करवाले’ आहेत, आणि त्यातला एक तर बँकेत साहेब आहे.

सेडीला मात्र असलं काही मिळालं नव्हतं. लग्नाआधी ती बापाच्या नावाने डॅन अँगसची सेडी होती, लग्नानंतर नवऱ्याच्या नावाने ह्यूई रॉडची सेडी झाली. ह्यूई बिचारा कधीच वर गेला, पण सेडी आपली ह्यूई रॉडचीच. केप ब्रेटनमधल्या निम्म्या बॅगपाइपवाल्यांचे किल्ट, म्हणजे ते कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे चौकडी कपडे, तिच्या हातचे. त्यांच्या कमरा तिला तोंडपाठ होत्या, कोण कुठे सुटलाय हे त्यांच्या बायकांच्या आधी तिला कळायचं. तरी फोनवर लोक विचारायचे, “ह्यूई रॉडची बायको आहे का घरात?” तिला त्याचा मनापासून कंटाळा आला होता. आपलं म्हणून एक नाव असावं, मग ते वेडंवाकडं का असेना, एवढीच तिची हौस होती.

खोऱ्यात नावं ठेवण्याचा मक्ता तिचा दीर जॉनी रॉड याच्याकडे. फाटक्या तोंडाचा माणूस. त्याने शनिवारी गावच्या हॉलमध्ये ठेवलेलं नाव रविवारच्या प्रार्थनेपर्यंत पक्कं व्हायचं. सेडीने एकदा त्याला सरळच विचारलं होतं.

“तुला कसलं नाव ठेवू?” तो म्हणाला होता. “तू कधी काही बिघडवतच नाहीस. सरळ बाई. सरळ माणसाला नाव चिकटत नाही, घसरून पडतं.”

आणि मग त्या वर्षी मूसच्या, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत तिचं नाव निघालं.

लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात आणि म्हातारे होतात. एकदा निघालं की पुढे काही वर्षं अर्जही करता येत नाही. म्हणजे जे काय करायचं ते ह्याच ऑक्टोबरात. सेडीने ठरवलं की जायचं, आणि जायचं तर किल्ट घालून. ह्यूईबरोबर ती सशांमागे रानात पुष्कळ भटकली होती आणि तिचं मत पक्कं होतं: ओली पँट गुडघ्यांना चिकटते, आणि बाईमाणसाची अर्धी शिकार तर ती पँट सोडण्यात नि चढवण्यात जाते. किल्टचं तसं नाही. बसलं की काम झालं.

तिने शिकाऱ्यांचं रानात लपायचं कॅमो कापड आणलं. त्यावर वाळकं गवत, तपकिरी पानं, मधूनच बर्चच्या झाडाचं पांढरं खोड. जन्मभर दुसऱ्यांचे किल्ट शिवले, पण स्वतःसाठी हा पहिलाच. तिला लहान मुलीसारखं झालं होतं. गुणगुणत तिने निऱ्या घातल्या, टाचल्या, इस्त्री फिरवली. आरशात पुढून पाहिलं. किल्टचा पुढचा भाग सपाट असतो, त्यावर रान अगदी रानासारखं दिसत होतं.

जॉनी तिला न्यायला आला तो दारातच थबकला. शिकारीच्या कायद्याप्रमाणे तिने वर भडक नारिंगी जाकीट नि टोपी घातली होती.

“वर संत्रं, खाली झुडूप,” तो म्हणाला. “सेडी, मूस मिळाला नाही तर नाव तयार आहे. सेडी घागरा.”

वेडंवाकडं नाव चालेल असं म्हणणं वेगळं आणि नातवंडांना ‘घागरेवाले’ म्हणून शाळेत धाडणं वेगळं. “बंदूक घे आणि चल,” ती म्हणाली.

दलदलीच्या कडेने ते चालत निघाले, खांद्याला बंदूक अडकवून सेडी पुढे, आपली बंदूक घेऊन जॉनी मागे. जॉनीने बर्चच्या सालीचा कर्णा तोंडाला लावून मूसच्या मादीसारखी साद घातली. कोणी आलं नाही. पुन्हा घातली. एक कावळा आला, त्याने दोघांना नीट पाहिलं आणि नाराज होऊन निघून गेला.

मग जॉनी गप्प झाला. हे काही बरं लक्षण नव्हतं. झोपेतही बोलणारा माणूस तो. थोड्या वेळाने मागून फुर्रर्र असा आवाज आला. मूसच आला असं वाटून सेडी गर्रकन वळली, तर जॉनी एका झाडाला मिठी मारून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“सेडी,” तो कसाबसा म्हणाला, “तुझ्या मागे कुंपण आहे.”

ती वळली. मागे दलदल होती, कुंपण नव्हतं. ती पुन्हा वळली. पुन्हा नव्हतं. ती जितकी गोल फिरली तितका जॉनी झाडावरून खाली घसरत गेला.

“कुठेय रे कुंपण?”

“तुझ्याबरोबरच फिरतंय ते, बाई!”

तेव्हा तिने मान मागे वळवून, वाकून, निऱ्या हाताने पुढे ओढून पाहिलं. जित्याची खोड. चौकड्याच्या कापडाला निरी घालताना प्रत्येक घडीवर तीच रेघ यावी लागते, नाही तर चौकडा मोडतो. तिच्या हातांनी ते वर्षानुवर्षं केलं होतं, आणि ह्या कापडालाही तेच केलं. छापात बर्चचं खोड जिथे जिथे पुन्हा आलं ते ते हातांनी बरोब्बर शोधून काढलं होतं आणि एकेका निरीवर एकेक बसवलं होतं. पुढून झुडूप. मागून एका मापाच्या पांढऱ्या फळ्या, कुठे रेसभर इकडेतिकडे नाही. इतकं सुबक कुंपण खोऱ्यात एकाही शेताला नव्हतं.

आधी सेडीला रडू आलं. मग जॉनीकडे बघून हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम. जॉनी तर हसणं दाबायच्या नादात नाकातून लांबलचक, गहिवरलेला हंबरडा काढायला लागला.

कर्ण्याला जे जमलं नव्हतं ते त्या हंबरड्याने केलं.

झुडपं मोडल्याचा आवाज आला आणि सेडीच्या पाठीमागे, दगड सहज पोचेल एवढ्या अंतरावर, एक नर बाहेर आला. शिंगं अशी की त्यावर कपडे वाळत घालावेत. जॉनीचं तोंड पटकन मिटलं. त्याची बंदूक झाडाला टेकलेली होती आणि तो बुडावर बसलेला.

नर प्रेमाने धावत आला होता, पण तो थांबला. सेडीच्या पाठीकडे बघत राहिला. डोकं एकदा डावीकडे नेलं, एकदा उजवीकडे. सेडीने श्वास धरला, निऱ्या हलू न देता अगदी सावकाश वळली आणि बंदूक रोखून एकच गोळी झाडली.

नर जागच्या जागी कोसळला. मग जॉनीने टोपी काढली.

मूस दलदलीतून बाहेर काढायला निम्मं खोरं आलं. सेडी कमरेएवढ्या चिखलात उतरली तेव्हा किल्ट तिच्याभोवती छत्रीसारखा पसरून तरंगला, आणि दोर ओढणाऱ्यांनी हसून हसून दोन वेळा दोर सोडला. पण नावाबद्दल जॉनी चकार शब्द बोलत नव्हता. सेडीने तीन दिवस शिलाई हाती घेतली नाही. सुई दिसली की ‘घागरा’ आठवायचा.

शनिवारी हॉलमध्ये मूसचं जेवण होतं. सेडी किल्ट धुऊन, तोच घालून आली. यायचं तर ताठ मानेने, असं तिने ठरवलं होतं. जॉनी खुर्चीवर चढला. त्याने सगळं सांगितलं, त्याचा हंबरडा तेवढा वगळून.

“मूस थांबला का, सांगा,” तो म्हणाला. “जनावराला वाटलं, पुढे कुणाचं तरी शेत आहे. उडी मारावी की वळसा घालावा? तो अजून विचारच करत होता, आणि आत्ता तुमच्या ताटात आहे. तर मंडळी, ही सेडी कुंपण.”

हॉलने ते नाव जिभेवर घोळवून पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, “सेडी कुंपण, चहा आण गं जरा.” सेडी किटली आणायला स्वयंपाकघरात गेली. बरं होतं नाव. घागऱ्यापेक्षा लाखपटीने बरं. पण आपल्यासारख्या सरळ बाईला चिकटेल का? शनिवारी हसायला ठेवलेलं नाव काय, हसू संपलं की तेही संपतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीपलीकडे, हॉलमध्ये, नवे धर्मगुरू जॉनीशी बोलत होते. ते परगावचे, त्यांना अजून एक बीटन दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नव्हता. “आणि आपण कोणाचे म्हणायचे?” त्यांनी विचारलं.

ह्या प्रश्नाला जॉनीचं उत्तर जन्मभर एकच होतं: रॉडचा. ते त्याच्या बापाचं नाव, आणि त्याला त्याचा भारी गर्व.

“मी ना, फादर?” जॉनी म्हणाला. “मी सेडी कुंपणाचा दीर.”

सेडीने किटली खाली ठेवली. तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. बाहेर नाचाचं फिडल सुरू झालंच होतं. ती तिथेच, बटाट्यांच्या सालींमध्ये, एकटी नाचायला लागली, आणि चहा मागणारे ओरडत राहिले.