गाण्यातली निर्दयी बाई

आमचे हे पुस्तकबांधणीचं काम करतात. डाव्या हाताला तीनच बोटं, तरी शिवण अशी सरळ की बघत राहावं. तरुणपणी मात्र हे एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचे आणि केस खांद्यापर्यंत रुळायचे. आता दोन्ही गेलं. यांनी आयुष्यात एकच गाणं लिहिलं, ‘तुला काय त्याचं!’ त्यातली निर्दयी बाई म्हणजे मी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मलाही.

झालं होतं असं, की यांनी मला मागणी घातली आणि मी तोंडावर नाही म्हटलं. आठच दिवसांत बांधणीच्या कारखान्यात कामावर असताना कागद कापायच्या मशीनखाली यांची दोन बोटं गेली. माझ्या नकारामुळेच लक्ष उडालं असणार, असं मी धरून चालले. गिटार सुटली. मग यांचं गाणं मित्रांनी स्टेजवर बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटलं: ‘पूस फडक्यानं रक्त माझं, चालू दे तुझं काम!’ मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि महिन्याभरात स्वतःहून लग्नाला तयार झाले. आई म्हणाली, “दयेपोटी संसार मांडू नकोस.” मी कुठली ऐकायला! पुढे प्रत्येक भांडणात यांना सुनवायची, मी होते म्हणून लग्न केलं तुमच्याशी.

गेल्या वर्षी एका मुलीनं ते गाणं पियानोवर पुन्हा गायलं. मूळ गाण्यात आरडाओरडा, हिच्यात नुसते उसासे. आता लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी त्यावर हातात हात घालून डुलतात. भाची म्हणते, “मावशी, कोणी एवढं प्रेम केलं तुझ्यावर!” मी वरवर लाजायची, पण खरं सांगते, आतून गुदगुल्या व्हायच्या.

परवा इस्त्री करत होते. रेडिओवर यांच्या बँडचा ड्रमवाला बोलत होता. निवेदिकेनं विचारलं, “कोण होती ती?”

तो खो खो हसला. “ती कसली? आमच्या गिटारवाल्याचा मालक होता तो! काम भरभर उरकावं म्हणून त्यानं मशीनची हात वाचवणारी जाळी काढून ठेवलेली. याची बोटं तुटली, तर त्यानं मशीन पुसलं आणि ऑर्डर पुरी केली. वर तोच मालक पुढे हे गाणं गुणगुणायचा!”

शर्टाची कॉलर जळाली. म्हणजे एकतीस वर्षं मी एका मालकाच्या जागी उभी होते!

संध्याकाळी हे घरी आले, तशी मी दारातच विचारलं, “अहो, मला का नाही सांगितलंत?”

हे शांतपणे चपला काढत म्हणाले, “तू रडत आलीस, लग्नाला हो म्हणालीस. तेव्हा सांगितलं असतं तर परत गेली असतीस.”

“गेलेच असते!”

“म्हणून तर.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “म्हणजे माझ्यावर एक ओळसुद्धा नाही?”

यांनी चपला कोपऱ्यात सरकवल्या. मग म्हणाले, “मला राग आल्याशिवाय लिहिता येत नाही गं. खूपदा बसलो होतो लिहायला. तुझ्यावर काही केल्या राग येईना.”

“रोज एवढी कटकट करते, तरी?”

“तरी नाही.”

मला रडू फुटलं. दयेपोटी लग्न केल्याचा तोरा मी एकतीस वर्षं मिरवला होता, आणि या माणसानं तो मला मिरवू दिला होता.