माझ्या पेजवरच्या गोधड्या माझ्या हातच्या नाहीत

मैत्रिणींनो, दुपारपासून घास गोड लागत नाहीये, म्हणून इथं लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी अंबाजोगाईतून गोधड्या ऑनलाइन विकायला लागले. पेजवर माझाच फोटो होता. मांडीवर गोधडी, हातात सुई, आणि खाली लिहिलं होतं, 'प्रत्येक टाका माझ्या हातचा.' खरं सांगते, मला साधा धावदोराही येत नाही. सगळ्या गोधड्या आमच्या गल्लीतल्या अनुसयामावशी शिवतात. मजुरी वेळेवर देत होते, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

आज त्यांच्या सुनेनं त्यांना ते पेज दाखवलं. मावशी तडक माझ्याकडं आल्या. मला वाटलं, आता भांडणार. पण फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "सुई अशी धरत न्हाईत गं. लोकं हसतील तुला."

मग मी तुमच्या कमेंट त्यांना वाचून दाखवल्या. 'टाके किती बारीक!' 'आईची आठवण आली.' 'ताई, हातात जादू आहे.' मावशी तोंडाला पदर लावून, लाजत ऐकत होत्या.

"लई चांगलं बोलत्यात की. मंग तू काय म्हणलीस त्यांना?"

प्रत्येक कमेंटखाली मी 'थँक्यू' लिहिलं होतं.

तो फोटो आता काढलाय. पण ज्यांनी ते कौतुक केलं होतं, त्या पुन्हा एकदा लिहाल का, या वेळी अनुसयामावशींच्या नावानं? मी त्यांना वाचून दाखवीन. उत्तर मात्र त्या सांगतील तेच लिहीन.