कुंकू लागलेली फ्लॉपी

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. वडील विळा-कुऱ्हाड मांडायचे, मी सॅम्पलर मांडतो. सॅम्पलर म्हंजे जुनी कीबोर्डची पेटी. दिसायला भारदस्त, पण पोटात स्वतःचा आवाज बिलकुल न्हाई. आपण रेकॉर्ड केलेला आवाज फ्लॉपीतून पाजला तर बोलणार, न्हाई तर मुकी. आन् बटन बंद केलं की पाजलेलं सगळं विसरणार. लग्नाच्या बँडमध्ये हीच पेटी वाजवून मी हसनाबादेत घर चालवलं. हल्लीची पोरं एवढ्याशा यंत्रात ढीगभर वाद्यं घेऊन फिरतात आन् मला म्हणतात, काका, हिला म्युझियमला द्या. म्हणा बापड्यांनो, माझं काय जातं.

यंदा पूजेत एक फ्लॉपी मी मुद्दाम मधोमध ठेवली होती. तिच्यात चाचाची सनई होती. चाचा जाफराबादचा. देवळातल्या चौघड्यापासून निकाहापर्यंत त्याच्या सनईशिवाय या भागात पान हलायचं न्हाई. एकदा त्याला घरी बसवून, दाराला गादी लावून, एकेक सूर लांब श्वासात फुंकायला लावला आन् पेटीत भरून घेतला होता. पुढं चाचाला लकवा मारला. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, ओठांत सनईची पत्ती धरवेना. आता त्याच्या धाकट्या पोरीचं लग्न ठरलं, दसरा झाला की लगेच. त्यासाठी तो एसटीनं आल्ता. ओट्यावर बसला आन् अडखळत एवढंच म्हणला, "बेटी की बिदाई पे मेरीच सनई बजनी. दूसरे की नक्को." मी म्हणलं, हौ चाचा. बाकीच्या कॉप्या पावसाळ्यात बुरशीनं खाल्ल्या होत्या, पण ही एक धडधाकट होती, म्हणून मी बेफिकीर होतो.

माझी बायको पूजेत कसूर ठेवत न्हाई. मी झेंडूची फुलं आणायला गेल्तो, तेवढ्यात तिनं हळदी-कुंकवाचं ओलं बोट सगळ्यांना लावलं. पेटीला लावलं, वायरींना लावलं, स्पीकरला लावलं. मी दारात आलो तर फ्लॉपी तिच्या हातात. पत्र्याची झाकणी सरकवून आतल्या काळ्या चकतीवर तिनं नेमकं कुंकू टेकवलं होतं. माझं डोकंच सणकलं. म्हणलं, अगं बये, काय करून ठेवलंस हे? ती शांतपणे म्हणली, "वरच्या पत्र्याला लावून काय उपेग? आवाज तर आत असतो ना?"

मी लई बोललो तिला, नको नको ते बोललो. ही फ्लॉपी कोणाची ते सांगितल्यावर मात्र ती खांबाला टेकून बसली. त्या दिवशी जेवलीसुद्धा न्हाई.

मंग मी फ्लॉपी उकलली, चकती स्पिरिटच्या कापसानं पुसली आन् दुसऱ्या फ्लॉपीच्या खोळीत घातली. दसऱ्याला सोनं द्यायला कोणाच्या दारी गेलो न्हाई. फ्लॉपी सारायची, पेटी खर्र खर्र करायची, आन् पडद्यावर एरर यायची. काढायची, पुसायची, परत सारायची. शिव्या देऊन बघितल्या, हात जोडून बघितले. बायको लांबूनच म्हणायची, जरा वाळू द्या हो. लग्नाच्या दिवशी सकाळी परत घातली. खर्र झालं, थांबलं, परत खर्र झालं, आन् एरर आली न्हाई. मी भीत भीत पट्टी दाबली तर चाचा बोलला. अगदी तोच, लकवा मारायच्या आधीचा. बायको पदरानं डोळे पुसत होती.

दुसरी कॉपी काढावी म्हणून ती फ्लॉपी बाहेर घेतली तर चकतीवर गोल ओरखडा, नखानं ओढल्यासारखा. नवी घातली तर पेटी तिच्यावर काही लिहीना. हळद आत चिकटून फ्लॉपी वाचणारं हेडच निकामी झालं होतं. म्हंजे चाचाची सनई आता फक्त पेटीच्या डोक्यात होती. लाइट गेली की संपली. आन् पेटी तर जाफराबादला न्यायची होती.

नशीब की पेटी घरच्या इन्व्हर्टरवर होती. इन्व्हर्टरची भिंतीतली पिन उपटली. पडदा क्षणभर मिचकला, पण पेटी जिवंत राहिली. इन्व्हर्टर, बॅटरी आन् पेटी तशीच चालू उचलून जीपमध्ये ठेवली. पेटीची पिन सैल होती. बायको म्हणली, मी दाबून धरते. हसनाबादहून भोकरदनमार्गे जाफराबादपर्यंत ती खाली बसून पिन दाबून होती. खड्डा आला की आम्ही दोघं पडद्याकडं बघायचो. ड्रायव्हर म्हणला, काका, आत पेशंट है काय? मी म्हणलं, हौ, तू हळू चालव.

मंडपात पोचलो तर गावची लाइट सकाळपासून गेलेली, आन् जनरेटरचा करंट असा उड्या मारून राह्यला होता की पिन लावायची छाती होईना. चाचाला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. तो खुर्ची ओढून पेटीजवळ बसला.

दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर निकाह झाला, जेवणं झाली. पोरगी निघाली तेव्हा मी वाजवायला घेतलं. चाचाच्या घरातल्या बायांनी तो आवाज ओळखला आन् रडणं फुटलं. पोरगी दारातून परत फिरली, बापाच्या गळ्यात पडली. तेवढ्यात इन्व्हर्टर बीप करू लागला. बॅटरी बसत आली होती. तरी मी वाजवत राहिलो, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

मंग मी घाईघाईनं म्हणलं, चाचा, होईल ते होईल, जनरेटरला जोडतो. जालन्याहून लॅपटॉपवाल्याला बोलवतो, एकेक सूर काढून घेऊ, कायमचा राहील. बीप आता जल्दी जल्दी येत होती. मी वायर घेऊन उठलो, तर त्यानं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"बेटी के वास्ते थी," चाचा म्हणला. "बेटी सुन ली. अब इसकू तडपा नक्को."

आन् त्यानं बोट पुढं करून पेटीचं बटन स्वतःच बंद केलं. मला त्याचा हात धरता आला असता. मी धरला न्हाई.