ट्रक निघण्याआधीची बातमी

दिल्लीत शिकून नगरला परत येताना मी बॅगेत टॅबलेट, घडीचा कीबोर्ड आणि दोन पॉवरबँक आणल्या. डोक्यात चित्र होतं: मी एकटीच लिंबाखाली बसून जिल्ह्याचं दुःख लिहितेय. प्रत्यक्षात या जिल्ह्यात लिहिणाऱ्याला कुणी एकटं सोडतच नाही! साप्ताहिकात लागून आठ महिने झाले; बातम्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

पहिल्या दिवशी संपादकांना, म्हणजे सरांना, विचारलं, "माझं टेबल कुठलं?"

"पाठीवर घेऊन आलीस की! गुरुवारी पाचच्या आत मजकूर पाहिजे. मग भले झाडावर बसून लिही."

"आणि पहिलं पान?"

"तशी बातमी आण, पान तुझं."

त्या दिवसापासून माझा सगळा जीव त्या पहिल्या पानात!

*

पाथर्डीच्या एसटीत मांडीवर टॅबलेट ठेवून पाणीटंचाईवर लिहीत होते. शेजारचे आजोबा दोन थांबे गुपचूप वाचत होते. मग राहवेना. "हीर मार्चात आटली लिव्हलंय. संक्रांतीलाच आटली की!"

मागच्या सीटवरून आवाज आला, "आमची तर दिवाळीत!"

कंडक्टर तिकिटं सोडून वाकला. "मथळा वाचा बरं, ताई." वाचला. "कळंना. साधं लिवा."

स्टँड येईपर्यंत मथळा तीनदा बदलला. छापला तो कंडक्टरचा!

*

घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराची बातमी आमचे तात्या देतात. वय साठ. एका बोटानं मोबाईलवर टाइप करतात आणि प्रत्येक ओळ वेगळा मेसेज म्हणून पाठवतात. एकदा रेंज गेली आणि आली तेव्हा त्रेचाळीस मेसेज एकदम पडले, तेही उलटसुलट. म्हैस आधी विकली गेली, मग बाजारात आली!

फोन केला, "तात्या, क्रम लावून द्या ना."

"म्या घडलं तसंच धाडलं. तुमच्याकडं उलटं झालं आसंल तर बाजार परत भरवू का?"

*

काष्टीच्या आठवडे बाजारात एका ओट्यावर कीबोर्ड उघडला. पाच मिनिटांत समोर एक काका उकिडवे बसले. "विजेच्या डीपीचा अर्ज लिहायचाय." त्यांच्यामागे एक मावशी, रेशनकार्डात सुनेचं नाव घालायला. त्यांच्यामागे आणखी एक जण. तीन अर्ज लिहिले, पाच वाजून गेले, बातमी राहिली. सरांना घाबरत सांगितलं.

"तीन अर्ज लिहिलेस? मग तीन बातम्या आहेत की! पुढच्या गुरुवारी दे."

*

दिवाळीनंतर पाथर्डीकडच्या एका गावातून ऊसतोडीची टोळी निघणार होती. सर म्हणाले, "निघाली की पाचच्या आत पाठव. पहिलं पान ठेवलंय तुला."

अखेर! घरी, मैत्रिणींना, सगळ्यांना सांगून टाकलं.

ट्रकात खोपीचे पत्रे, भांडी, शेळ्या चढल्या. साडेचार झाले, पण ड्रायव्हर अजून टायरच बदलत होता. मग मी लिहूनच टाकलं: ट्रक निघाला. मंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले, कुलूप लागलेल्या घराकडे वळून पाहिलं... लिहिताना माझेच डोळे भरून आले!

मंदाबाई म्हणजे समोर गाठोडी चढवणारी बाई. मी तिला फक्त नाव विचारलं होतं. ती पदराला हात पुसत आली. "काय लिव्हलंस माझं? वाच की."

वाचलं. चार बाया भोवती जमल्या.

"लई भारी लिव्हलंय," मंदाबाई म्हणाल्या. "पर मी कुटं चाललीय?"

"म्हणजे?"

"पोरगी धाव्वीला हाय. यंदा मालक आन दीर जात्यात. मी हितंच. आन रडले कवा गं? चुलीचा धूर हुता त्यो!"

बाया हसून हसून खाली बसल्या. पाचला दहा कमी होते. अंगठा पाठवायच्या बटनावर होता. तो उचलला आणि फोन लावला.

"सर, बातमी खोटी आहे."

"किती?"

"ट्रकासकट."

सर म्हणाले, "मग पहिल्या पानावर कृषी प्रदर्शनाचा फोटो लावतो. तू?"

मी मंदाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हा की आज. गाडी आता सकाळीच निघंल."

सकाळी सहाला ट्रकचा हॉर्न वाजला. मी टॅबलेट मंदाबाईंच्या कोनाड्यात ठेवला आणि नुसतीच बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले.